चाळीस दिवसांची काच

तळ्याकाठच्या पक्षी-केंद्रात येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना पक्षी दिसत नसत. पक्षी पहाटे येत आणि माणसं अकराच्या सुमारास. या निम्म्या लोकांचं करायचं काय, हा प्रश्न केंद्राच्या इमारतीने आपल्या अंगावर घेतला होता, कारण इमारतच बघण्यासारखी होती. दीड हात जाडीच्या, थरावर थर धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करून, उभ्या केलेल्या मातीच्या भिंती. छपरावर सौर पॅनेल, मागच्या खोलीत बॅटऱ्या. उन्हाळ्यात जमिनीखालच्या नळांतून फिरून येणारी गार हवा. बाहेरून विजेची तार नाही, एसी नाही, दिवसा दिवा लावायची गरज नाही. दालनात शिरल्याबरोबर एक फलक दिसे. आज किती वीज तयार झाली आणि किती वापरली याचे लाल आकडे त्यावर सरकत असत. ते मोठ्या खर्चाने बसवले होते आणि कोणीही बघत नसे.

केंद्र सुरू झाल्याला एकोणीस दिवस झाले आणि लोकांना बघायला एकदाचं काहीतरी मिळालं. एक निवृत्त गृहस्थ तळं रिकामं बघून आत आले आणि गळ्यातली दुर्बीण फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी ती भिंतीवर रोखली.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या भिंतीला तडा गेलाय."

बाई म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापिका. बावीस वर्षं नोकरी केली, पण कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांच्या पदराला लागून कधी घरी गेली नव्हती. त्यांनी आधी गृहस्थांची दुर्बीण पुसून दिली, कारण डाग भिंगावरही असू शकतो. मग दुर्बिणीशिवाय पाहिलं. तडा होता. छपराखाली सुरू होऊन तिरका खाली येत माणसाच्या कोपराच्या उंचीवर तो संपला होता. वर नाण्याच्या जाडीचा, खाली केसासारखा. बाईंनी गृहस्थांचे आभार मानले आणि मातीमामांना निरोप धाडला.

मातीमामा गवंडी होते. त्यांचं खरं नाव फक्त मतदारयादीला माहीत होतं. उमेदीच्या काळात त्यांनी मातीची घरं बांधली आणि पुढच्या काळात तीच घरं पाडून तिथे सिमेंटची होताना पाहिली. अठरा वर्षांनी कोणीतरी पुन्हा त्यांच्याकडे मातीची भिंत मागितली होती, ती ही. ती उभी राहिली तर आणखी दोन ठिकाणची केंद्रं मातीची होणार आणि ती मामा बांधणार, असं ठरत होतं. ती पडली तर मामांनी उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या सिमेंटवर पाणी मारण्यात काढायचं होतं.

मामा आले. तडा कुठून निघालाय ते त्यांनी पाहिलं. तडा बरोबर झिरीच्या वरच्या टोकापासून निघाला होता.

झिरी म्हणजे वायर लपवायला भिंतीत कोरलेली खाच. नकाशात ती नव्हती. पॅनेलची वायर भिंतीवरून, लाकडी पट्टीतून खाली आणावी असं नकाशात होतं. पण वायरिंगचं काम मामांच्या जावयाकडे होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. मामांचा ग्रह स्वभावाने गरीब, फक्त हातात ग्राइंडर आला की वक्री जायचा. सासऱ्यांच्या एवढ्या देखण्या भिंतीवर लाकडी पट्टी म्हणजे सुंदर कपाळावर चिकटपट्टी, असं त्याला मनापासून वाटलं. मामा अक्कलदाढ काढायला गेले होते तेवढ्यात त्याने छपरापासून खाली झिरी मारली, वायर आत घातली आणि वरून सिमेंटने लिंपून टाकली. मातीच्या ओल्या भिंतीत सिमेंट. सासऱ्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, तो बसला.

मामा परतले तेव्हा त्यांचा गाल फुगला होता आणि डॉक्टरांनी तीन दिवस बोलायचं नाही असं बजावलं होतं. चौथ्या दिवशी बोलता आलं असतं, पण तोवर राग शिळा झाला होता, आणि शिळं जावयाला वाढता येत नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बॅटरीपुरतं उरलं होतं.

"जावईबापू, बॅटरी भरली का?"

"भरली, मामा."

यापलीकडचं सगळं मामांच्या लेकीमार्फत चाले.

तडा दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी मुख्य कचेरीतून इंजिनियर साहेब आले. माणूस सभ्य होता. मातीबद्दल त्यांना आदर होता, विशेषतः ती जमिनीत असताना. छपराचा आणि छत्तीस पॅनेलचा भार याच भिंतीच्या माथ्यावर आहे, हे त्यांनी बाईंना तीनदा समजावून सांगितलं आणि छपराला चार लोखंडी टेकू लावून घेतले. मग बॅगेतून काचेची एक वीतभर पट्टी काढली. ही तड्यावर आडवी बसवायची, दोन्ही टोकं पांढऱ्या पुडीच्या लगद्याने घट्ट करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच फुटते. काच म्हणजे साक्षीदार. चाळीस दिवस काच अखंड राहिली तर टेकू काढायचे आणि भिंत पास. फुटली तर भिंत उतरवून तिथे काँक्रीट. तसं त्यांनी कागदावर लिहिलं आणि खाली सही केली. काचेवरही काळ्या पेनाने तारीख टाकून सही केली. ती सही म्हणजे घाईतल्या बेडकाने मारलेली उडी होती.

काच कोपराच्या उंचीवर बसवली, कारण साहेबांच्या मते ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायला हवी होती. मामा वाद घालतील असं सगळ्यांना वाटलं होतं. मामा म्हणाले, "लावा." उरलेल्या पुडीचं पाकीट साहेबांनी बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि ते गेले.

यानंतर केंद्राची भरभराट झाली. तळ्यावर पक्षी असोत-नसोत, भेग रोज होती. लोक काचेवर वाकून सही वाचत, ती न लागल्याने एकमेकांना विचारत, भेगेशेजारी उभं राहून फोटो काढत. एका आजोबांनी तर भेगेत कान लावून ऐकलं आणि आतून वारा येतो असं जाहीर केलं. बाईंनी दोरी बांधली. लोक दोरी वर उचलून, बाईंकडे बघून ओळखीचं हसत आत जात.

सहाव्या दिवशी काच फुटली.

ती झाडलोट करणाऱ्या मावशींनी फोडली. जाळी काढायच्या लांब काठीचं मागचं टोक लागलं आणि काच दोन तुकडे होऊन खाली आली. मावशींनी शांतपणे विचार केला. काच मी फोडली, भिंतीने नाही. मग शिक्षा भिंतीला कशाला? खरं सांगावं, तर कागद होणार, कागद झाला की चौकशी होणार, आणि चौकशीअंती कोणालाच काही कळलेलं नसणार. त्यांनी घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोची काच काढली. नवरा धडधाकट होता, त्यामुळे फोटोला काच नसली तरी चालण्यासारखं होतं. चौकातल्या फ्रेमवाल्याकडून तिची पट्टी कापून आणली, पाकिटातली पूड कालवली आणि दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आत काच जागेवर होती. राहिली सही. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांची नक्कल हुबेहूब उतरली. त्यांनी अक्षरं काढलीच नाहीत, दिसला तसा बेडूक काढला.

सतराव्या दिवशी ती काच फुटली. कशाने, ते कोणी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी लोक गेल्यावर जावई बॅटऱ्या तपासायला आला तेव्हा काच मधोमध तडकलेली होती. तो तिथेच भिंतीला पाठ न टेकता खाली बसला. टेकायचं धाडस होईना. भिंत हलतेय, आपल्या झिरीमुळे हलतेय, हे त्याच्या पोटात असं बसलं की भूकच निघून गेली. मामांची भिंत पाडताना बघायची, आणि वर त्यांनी आपल्याला काही म्हणायचं नाही, ही कल्पना त्याला सोसवेना. जुन्या मीटरपेटीच्या खिडकीची काच काढून त्याने ती तड्यावर बसवली. त्याआधी वायरिंगच्या नकाशाच्या मागे बारा वेळा सहीचा सराव केला. पाकिटातली पूड आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा कमी आहे एवढं त्याच्या लक्षात आलं. पण त्याच्या डोक्यात तेव्हा भिंत होती.

एकतिसाव्या दिवशी फुटलेली काच बाईंना दिसली.

बाईंचं दुःख वेगळ्या जातीचं होतं. त्यांनी खोटेपणा कधी केलेला नव्हता, त्यामुळे त्यांना तो सुबक करता येत नव्हता. दालनात तळ्याचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची सोय होती. तिथली एक काचपट्टी त्यांनी घेतली, नोंदवहीत 'एक पट्टी, कार्यालयीन कामासाठी' असं लिहिलं आणि दार आतून लावून साहेबांची सही केली. बेडूक थोडा बसका आला. मग त्यांनी पाकीट झटकून पाहिलं. आत चारेक चमचे पूड होती. पूड हवेत उडून जाते की काय, असा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला.

असे एका भिंतीचे तीन गुन्हेगार रोज एकमेकांना नमस्कार करत होते. तिघेही जाता-येता काचेकडे बघत नसत. इतक्या निश्चयाने बघत नसत, की परक्या माणसालाही संशय यावा. मावशी मात्र रात्री बिनघोर झोपत. त्यांना आपल्या काठीचा हिशेब माहीत होता.

एकोणचाळिसावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी साहेब येणार, काच अखंड बघणार, टेकू काढणार. आणि मग छत्तीस पॅनेल आणि छप्पर त्या भिंतीवर आणि भिंतीखाली माणसं. जावयाचं ताट तीन आठवडे अर्धं परत जात होतं, हे मामांच्या लेकीने मोजलं होतं. त्या सकाळी तिने नवऱ्याला समोर बसवून सगळं काढून घेतलं. आज दिवस मावळायच्या आत तुम्ही बाबांना सांगा, नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर मला जसं येतं तसं सांगेन, असं तिने बजावलं. तिला कसं येतं ते त्याला ठाऊक होतं. तो स्वतःच गेला.

मामा केंद्राच्या मागच्या पायरीवर डबा खात बसले होते. जावई समोर उभा राहिला.

"मामा, काच फुटली होती."

मामा घास चावत राहिले. "कधी?"

"सतराव्या दिवशी. मी बदलली. कोणाला बोललो नाही."

"सही?"

"मीच केली."

मामांनी घास गिळला. कोपऱ्यात मावशी पाचोळा गोळा करत होत्या. त्यांचा झाडू थांबला.

"सतराव्या दिवशी कशी फुटेल?" त्या म्हणाल्या. "मी चांगली जाड बघून लावली होती."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. मावशींनी झाडूकडे पाहिलं. जे बोलून गेलं ते परत घेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. काठी, नवऱ्याचा फोटो, फ्रेमवाला. सांगताना त्यांच्या स्वरात अपराधापेक्षा कामाचा अभिमान जास्त होता. तेवढ्यात किल्ल्या घेऊन बाई दारात आल्या. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं आणि त्या हळूच पायरीवर बसल्या.

"म्हणजे मी तिसरी," बाई म्हणाल्या.

पहिली काच मावशींच्या काठीने गेली होती, ते ठीक. पण उरलेल्या दोन? त्या कशाने फुटल्या ते कळल्याशिवाय छपराखाली माणसं उभी करता येत नाहीत. उद्या साहेबांना सगळं सांगणार, असं बाईंनी ठरवलं. त्यांची नोकरी गेली तर गेली. मामांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमची भिंत जाईल, मामा. पण टेकू काढायला मी होकार देणार नाही."

मामांनी डब्याचं झाकण लावलं. "सांगा की," ते म्हणाले. "खरं आहे तेच सांगा." आणि उठता उठता मावशींना म्हणाले, उद्या मोठी शिडी तेवढी मोकळी ठेवा.

चाळिसाव्या दिवशी साहेब फाइल आणि टेकू उतरवायला दोन माणसं घेऊन वेळेआधी आले. ते तडक भिंतीपाशी गेले, काचेकडे जेमतेम पाहिलं आणि म्हणाले, "अखंड आहे. छान." आणि लिहायला सुरुवात केली. एवढ्या लगबगीने काम करणारा अधिकारी बाईंनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

"थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी खाली बघत, एका दमात सांगितलं. मूळची काच सहाव्या दिवशीच गेली. दुसरी गेली, तिसरी गेली. ही चौथी, ती मी लावली. त्यावरची सही तुमची नाही, मी केलेली आहे.

साहेबांचा चेहरा पडायला हवा होता. तो गोंधळला.

"नाही," ते म्हणाले. "सही माझीच आहे."

"साहेब, मी कबूल करतेय."

"तरी माझीच आहे. मला माझी सही ओळखता येते, बाई."

"मी दार लावून केली होती हो."

आपण गुन्हा केला असं एकीने म्हणावं आणि नाही केला असं ज्याच्याविरुद्ध केला त्यानेच म्हणावं, असा तो वाद काही वेळ चालला. टेकू काढणारी माणसं आळीपाळीने दोघांकडे बघत होती. शेवटी बाईंनी चष्मा लावला आणि पुरावा द्यायला काचेजवळ गेल्या. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांची पट्टी पातळ होती, तिचं एक टोक घासून धुरकट केलेलं होतं. ही जाड होती, कडेला हिरवट. बेडूकही चांगला ताठ होता.

"ही माझी काच नाही," बाई म्हणाल्या.

मावशी पुढे आल्या. "माझीपण नाही." जावयाने मान हलवली. त्याचीही नव्हती. तिघांनी मामांकडे पाहिलं. मामा साहेबांकडे बघत होते.

साहेबांनी फाइल मिटली. चष्मा काढला, पुसला, घातला. मग ते सांगू लागले. गेल्या रविवारी ते बायको आणि सासूबाईंना घेऊन पक्षी दाखवायला आले होते. कचेरीच्या कामाने नव्हे, साधे प्रवासी म्हणून, तिकीट काढून. बाईंची त्या दिवशी सुट्टी होती. पक्षी नव्हते. सासूबाई म्हणाल्या, जावयांनी एवढं सांगितलंय तर ती भेग तरी बघू. बघितली. फोटो काढायचा ठरला. सासूबाई दोरीच्या आत जाऊन भेगेशेजारी उभ्या राहिल्या, फोटोसाठी जरा ऐसपैस झाल्या, आणि त्यांचा कोपर मागे गेला.

"कोपर," बाई म्हणाल्या.

"कोपर," साहेब म्हणाले. त्या दोघी सरबत पीत होत्या तेवढ्यात त्यांनी चौकातल्या फ्रेमवाल्याकडून नवी पट्टी आणली. त्याने माप न विचारताच कापून दिली, याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं होतं. मावशी छताकडे बघू लागल्या. बाईंच्या टेबलावरच्या पाकिटात चमचाभर पूड उरली होती, तेव्हा दुसरी शंका यायला हवी होती, असंही साहेबांनी मान्य केलं. सही मात्र त्यांनी स्वतःची स्वतः केली होती. त्या बाबतीत सगळं नियमानुसार होतं.

आता ओशाळायला कोणी शिल्लक राहिलं नव्हतं. पण त्याने भिंतीचं काही भलं झालं नाही. एक काच काठीने गेली, एक कोपराने. मधल्या दोन कशाने गेल्या? बहुधा अशाच कोणाच्या तरी पिशवीने, पण बहुधा या शब्दावर छप्पर ठेवता येत नाही, हे साहेबांनी स्वतःच म्हटलं आणि ते खरं होतं. पाच साक्षीदार उभे राहिले होते आणि एकाचीही साक्ष धरता येत नव्हती. कागदावर तर स्वच्छ लिहिलेलं होतं, की काच फुटली तर भिंत उतरवावी. जावयाने भिंतीकडे पाठ फिरवली.

"वर चढता का, साहेब?" मामांनी शिडी भिंतीला लावत विचारलं.

साहेब चढले. सगळे खालून त्यांच्या बुटांच्या तळव्यांकडे बघत राहिले. छपराच्या आडोशाला, तडा जिथे सुरू होत होता तिथे, तड्यावर आडव्या तीन कागदी पट्ट्या खळीने चिकटवलेल्या होत्या. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद, त्यावर पेन्सिलीने तारखा. मामा खालून सांगत होते. भेग जिथून निघते तिथे खरं बोलते, खाली ती नुसती लोकांना भेटायला येते. म्हणून काच लावली त्याच दिवशी त्यांनी वर पहिली पट्टी लावली होती. ती तिसऱ्या दिवशी फाटली. दुसरी लावली, ती आठव्या दिवशी फाटली. तिसरी नवव्या दिवशी लावली.

"ती?" साहेबांनी विचारलं नाही, बाईंनी विचारलं.

वर साहेबांनी नखाने कागदावर टिचकी मारली. ताणलेल्या कागदाचा बारीक टण् असा आवाज खालीही ऐकू आला.

"ही अखंड आहे," साहेब वरून म्हणाले. पण पाच काचांनी त्यांना शहाणं केलं होतं. "ही कोणी बदललेली नाही कशावरून?"

"कोणाला ठाऊकच नव्हती म्हणून," मामा म्हणाले.

साहेबांनी आणखी वाकून पाहिलं. तिन्ही पट्ट्यांवरून छपराच्या वाशापर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं होतं. जुनं, धूळ बसलेलं, कुठेही न तुटलेलं. कोळ्याची सही कोणाला करता आली नसती. मावशींनी खालून लगेच खुलासा केला, की तिथवर काठी पोचत नाही, नाहीतर जाळं राहिलं नसतं. तिथवर काठी पोचत नाही, याबद्दल त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी देवाचे आभार मानले असतील.

साहेब उतरले. त्यांनी बारीक तार मागितली. तार तड्यात घातली, ती चार बोटं आत जाऊन थांबली. तीन ठिकाणी घातली, तिन्ही ठिकाणी तेवढीच. झिरी चार बोटं खोल होती. भिंत वाळताना आवळली, मधलं सिमेंट काही आवळेना, म्हणून तिने तेवढी कातडी फाटू दिली आणि आठ दिवसांत ती थांबली. आतलं अंग ठणठणीत होतं. छत्तीस पॅनेल काय, बहात्तर ठेवले तरी तिने मान वर केली नसती.

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?" बाईंनी मामांना विचारलं. रागावून विचारायचं त्यांच्या मनात होतं, पण आवाज भलताच निघाला.

मामांचं म्हणणं असं होतं, की त्यांना कोणी विचारलंच नाही. आणि खाली काच लागल्यामुळे सगळ्यांनी काचेची काळजी केली आणि भिंतीला चाळीस दिवस निवांत सुकू दिलं. भिंतीला एवढंच हवं असतं.

साहेबांनी उभ्याउभ्याच अहवाल लिहिला. त्यात त्यांनी काही लपवलं नाही, सासूबाईंचा कोपरसुद्धा 'एका अभ्यागताचा' म्हणून आत आला. 'चाळीस दिवसांत हालचाल भरपूर आढळली,' असं एक वाक्य त्यात होतं, 'पण ती माणसांची. नवव्या दिवसानंतर भिंतीची आढळली नाही. भिंत कायम ठेवावी.' सिमेंट काढून झिरी मातीने भरावी आणि वायर नकाशाप्रमाणे लाकडी पट्टीतून न्यावी, एवढी अट त्यांनी घातली. बाकीच्या दोन केंद्रांच्या भिंतींसाठी मामांची वेळ कधी मिळेल, तेही त्यांनी जाता जाता विचारलं.

टेकू काढले. एक निघाला, दोन निघाले. चौथा निघताना दालनात कोणी श्वास घेतला नाही. टेकू बाहेर गेला आणि काहीच झालं नाही. इतकं काहीच झालं नाही, की फलकावरचे लाल आकडे सरकल्याचंही दिसलं. बाई बाकावर बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि मग स्वतःही शेजारी बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिरी उघडायचं काम निघालं. जावई स्वतःच छिन्नी-हातोडी घेऊन आला. ग्राइंडर त्याने घरीच ठेवला होता. त्याने सिमेंटचा पहिला टवका काढला, तो पायाशी पडला, आणि मामांच्या तोंडून निघालं, "काय रे, तुझ्या बापाची भिंत होती का ही?"

जावई हातोडी धरून थांबला. 'रे' म्हणून मामांनी त्याला उभ्या आयुष्यात हाक मारली नव्हती.

"तसंच समजून ग्राइंडर चालवला, मामा," तो म्हणाला.

"समजून? बापाच्या भिंतीला सिमेंट चारतात का? अक्कलदाढ माझी काढली की तुझी?"

आणि मग ते सुरू झाले. तीन महिने त्यांनी शब्दन् शब्द जपून ठेवला होता आणि एकही नासला नव्हता. बापाला विचारायची पद्धत असते का नाही, इथपासून ते ज्याने तुला पहिला ग्राइंडर विकला तो माणूस कुठे राहतो, इथपर्यंत. दालनातले लोक भेग बघायला आले होते, ते ऐकत उभे राहिले. जावई छिन्नी मारत होता, मान हलवत होता, हो मामा, चुकलं मामा, म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावरून महिन्याभराचं मळभ असं उतरत होतं, की बघणाऱ्याला वाटावं याला कोणी बक्षीस देतंय.

सिमेंट निघालं. मग झिरीला फळी लावली. ओली माती चार बोटं भरायची, छोट्या धुमशीने धुमसायची, थोपटून आवाज ऐकायचा, मग पुढची चार बोटं. जावई घमेली भरून देत होता, मामा धुमसत होते आणि धुमसता धुमसता बोलत होते. सातवा थर झाला तरी मामा अजून ग्राइंडरवरच होते. दाढेचं प्रकरण यायचं होतं. जावयाने आठवं घमेलं भरून पुढे केलं.